ब्रोकरला व्हिसा कळतो, सातबारा कळत नाही

इंग्लंडमध्ये घरासाठी कर्ज मिळवून देणाऱ्या आमच्या ब्रोकरला पाचापैकी साडेतीन तारे. अर्धा तारा विम्यासाठी कापला, एक अख्खा वाकडच्या फ्लॅटसाठी. ब्रोकरचं नाव लिहीत नाही, कारण माणूस वाईट नाही आणि तक्रार मात्र मोठी आहे.

आधी आमची परिस्थिती सांगते, म्हणजे तुमच्याशी जुळते का ते बघता येईल. मी लेस्टरच्या हॉस्पिटलात रेडिओग्राफर आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये तीन वर्षांच्या हेल्थ अँड केअर व्हिसावर आले, तो संपल्यावर आणखी तीन वर्षांचा मिळाला. नवरा डिपेंडंट व्हिसावर आहे, वेअरहाऊसमध्ये काम करतो. माझा पगार बँड ६ चा, वर्षाला ४०,८२३ पौंड, त्याचा चोवीस हजारांच्या आसपास. दोन खोल्या आणि एका न उघडणाऱ्या खिडकीचं भाडं महिन्याला १,०५०. दर वर्षी घरमालकाचा मेसेज यायचा, "बाजारभाव वाढलाय." इथे पर्मनंट नसलेल्या माणसाला घर विकत घेता येतं का, असं मला कराडहून सगळे विचारत. घेता येतं. कायदा कुणाला अडवत नाही, अडतं ते कर्जापाशी.

पहिल्यांदा गेलो आमचं पगाराचं खातं आहे त्याच बँकेत. आपल्याकडे कसं, ज्या बँकेत पगार जमा होतो तिथला मॅनेजर चहा पाजून होम लोन गळ्यात मारतो. इथे एका काचेच्या खोलीत बसवलं. समोरच्या मुलीने अर्धा तास सगळं टाइप केलं, मधे मधे "लव्हली" म्हणत होती. मग एका चौकटीपाशी आली. कायमस्वरूपी राहण्याचा हक्क आहे का? मी म्हणाले, नाही, ऑक्टोबर २०२७ पर्यंतचा व्हिसा आहे. तिने "नाही"वर टिचकी मारली आणि पुढचं पान उघडलंच नाही. तिने दोनदा करून बघितलं. शेवटी म्हणाली, घराच्या किमतीच्या पंचवीस टक्के स्वतःचे आणले तर बघता येईल. पंचवीस टक्के असते तर मी त्या खोलीत बसले असते का? वर आमच्या क्रेडिट फाइलवर त्या चौकशीची खूण राहिली ती राहिलीच.

मग हॉस्पिटलातल्या एका मल्याळी नर्सने या ब्रोकरचा नंबर दिला. बेलग्रेव्ह रोडवर, म्हणजे इथल्या गोल्डन माइलवर, साड्यांच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांचं ऑफिस आहे. जिना चढताना खालच्या फरसाणाचा वास येतो. माणूस गुजराती, जन्म लेस्टरचाच, आईवडील १९७२ मध्ये युगांडातून निघून इथे आलेले. इंग्रजी इथल्या गोऱ्यासारखं, पण मला पहिल्या वाक्यापासून "बेन". आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोनवर सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "एजंट आहे म्हण की. कमिशन किती घेतो?" आमच्याकडून ४९५ पौंड, तेही बँकेचं ऑफर लेटर हातात पडल्यावर. शिवाय कर्ज देणारी बँक त्याला वेगळं कमिशन देते. हे त्याने न विचारता पहिल्याच भेटीत कागदावर लिहून दिलं. वित्तीय नियामकाच्या रजिस्टरवर त्याचं नाव आहे का, ते मी त्याच्यासमोरच मोबाइलवर बघितलं. त्याने वाईट वाटून घेतलं नाही.

व्हिसा या विषयात हा माणूस पक्का आहे. कुठल्या बँकेला तुम्ही इथे दोन वर्षं राहिलेले हवे असता, कुठली व्हिसावर किमान बारा महिने शिल्लक मागते, कुठली नवरा-बायकोपैकी एकाच्याच व्हिसाकडे बघते, कुठली डिपेंडंटचा पगार धरतच नाही, हे त्याला तोंडपाठ. कॉम्प्युटर उघडायच्या आधी त्याने बोटांवर मोजून आमच्यासाठी तीन बँका उरवल्या. माझ्या जादा शिफ्टचे पैसेही त्याने सोडले नाहीत. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य सेवेत, त्यांना "बँक शिफ्ट" म्हणतात, त्यामुळे आम्ही दहा मिनिटं कुठल्या बँकेबद्दल बोलतोय याचा गोंधळ चालला होता. त्या पैशांतले निम्मे धरणारी एक बँक त्याला माहीत होती.

आणि एक गोष्ट त्याने सांगितली ती मला तीन वर्षांत कुणीच सांगितली नव्हती. "बेन, मतदार यादीत नाव घातलंत का?"

मी हसले. म्हटलं, आम्ही भारताचे नागरिक, आमचं नाव कराडच्या यादीत. तर म्हणाला, भारत कॉमनवेल्थमध्ये आहे. युकेत रीतसर राहणाऱ्या कॉमनवेल्थच्या नागरिकाला इथे मत देता येतं, आणि बँका तुमचा पत्ता खरा आहे का हे मतदार यादीवरून ताडून बघतात. घरी येऊन दोघांचे फॉर्म ऑनलाइन भरले, पाच मिनिटांचं काम. दोन महिन्यांनी क्रेडिट स्कोअर खरोखर वर सरकला होता. गंमत बघा, ज्या देशाने मला कायम राहायची परवानगी अजून दिलेली नाही, तिथला खासदार मी निवडू शकते. काचेच्या खोलीतल्या त्या चौकटीला हे कोण सांगणार!

ही भेट जानेवारी २०२५ ची. दुसरा कुणी असता तर त्याच आठवड्यात अर्ज ठोकला असता. याने थांबवलं. एप्रिलनंतर नवा पी-६०, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कराचा दाखला, हातात येईल, बँकेतली ती जुनी चौकशीही थोडी मागे पडेल, तेव्हा करू म्हणाला. तोवर क्रेडिट कार्ड वापरा, पण पूर्ण फेडा, आणि आता खरेदी करून नंतर हप्त्यांनी फेडायच्या भानगडीत पडू नका. नवऱ्याने बूट तसेच घेतले होते, ते त्याच संध्याकाळी फेडले.

मधे १२ मे ला सरकारची श्वेतपत्रिका आली. पर्मनंट व्हायला पाचाऐवजी दहा वर्षं लावायचा प्रस्ताव. आमची पाच वर्षं ऑक्टोबर २०२६ मध्ये भरणार होती. त्या रात्री आम्ही घर घेणं रद्द केलं, सकाळी पुन्हा ठरवलं, दुपारी पुन्हा रद्द. ब्रोकरला फोन लावला तर तो एवढंच म्हणाला, "बँक आजचा व्हिसा बघते, उद्याचा नाही. तुम्ही उद्याचा बघा, ते माझं काम नाही." त्या वेळी बोलणं लागलं, पण बरोबर होतं. आम्ही बसून हिशेब केला. परत जावं लागलं तर घर विकू किंवा भाड्याने देऊ. आणि भाडं तर आताही जातंच आहे.

जूनमध्ये घर ठरलं. टेरेस्ड घर, म्हणजे रांगेत भिंतीला भिंत लागलेलं, शंभर वर्षांहून जुनं, दोन बेडरूम, मागे चादरीएवढं अंगण, किंमत २,२०,००० पौंड. सर्व्हेत जिन्याखाली ओल निघाली. इथे ती निघतेच म्हणे. दहा टक्के आमचे, १,९८,००० कर्ज, तीस वर्षांसाठी, पहिली पाच वर्षं व्याज ४.७९ टक्के पक्कं. हप्ता १,०३८ पौंड, म्हणजे भाड्यापेक्षा बारा पौंड कमी. अर्ज केल्यापासून तीन आठवड्यांत ऑफर लेटर आलं. मधे एकदाच अडलं. व्हिसाची बीआरपी कार्डं बंद होऊन सगळं ऑनलाइन झालंय, त्यामुळे व्हिसा दाखवायला शेअर कोड काढून द्यावा लागतो आणि तो नव्वद दिवसच चालतो. आमचा एप्रिलमध्ये काढलेला. ब्रोकरने रात्री साडेनऊला फोन करून नवा काढून घेतला. इथपर्यंत पाच तारे, त्यावर अर्धा बक्षीस.

इथून पुढे आमचा भारत सुरू होतो.

आप्पांनी १४ लाख दिले होते, साधारण १२,००० पौंड. वडिलांनी लेकीला पैसे दिले, यात काय अवघड? पण बँकेला पत्र हवं, की हे पैसे भेट आहेत, कर्ज नाही, आणि या घरावर माझा हक्क राहणार नाही. आप्पांनी छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. ते म्हणाले, "लेकीला दिलेले पैसे परत मागणार नाही, असं मी लिहून द्यायचं? कुणाला?" मग वहीचा कागद घेऊन स्वतःच्या अक्षरात लिहिलं, सुवाच्य, समासासकट. खाली "सर्वांस अनेक शुभाशीर्वाद". मी ते भाषांतर करून पाठवलं. बँकेने परत केलं. त्यांना त्यांचाच छापील फॉर्म हवा होता. शुभाशीर्वादांना त्यात जागा नव्हती.

पैसे पाठवतानाही एक धक्का बसला. एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत काही कापत नाहीत, वरच्या रकमेवर वीस टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आधीच वसूल केलेला कर. म्हणजे चार लाखांवर ८० हजार रुपये आप्पांना जादा भरावे लागले. रिटर्न भरल्यावर परत मिळतात, पण ते कळेपर्यंत आप्पांना वाटत होतं की लेकीने काहीतरी चुकीचा फॉर्म भरायला लावला. अर्धे पैसे आईने पाठवले असते तर एक रुपयाही कापला गेला नसता. हे ब्रोकरने सांगायला हवं होतं असं मी म्हणत नाही. त्याला कुठून माहीत असणार? पण जो दिवसाला चार भारतीयांची कर्जं करतो, त्याने "तिकडे एखाद्या सीएला विचारून घ्या" एवढं तरी म्हणावं.

मग सॉलिसिटर, म्हणजे घरखरेदीचे कागद बघणारी वकील. ती मी स्वतः शोधलेली, ब्रोकरची नाही, आणि ते किती बरं झालं ते पुढे कळेल. तिने विचारलं, वडिलांकडे पैसे आले कुठून? जमीन विकून. कागद दाखवा. मी खरेदीखत आणि जुना सातबारा, दोन्ही मराठी, स्कॅन करून पाठवले. उत्तर आलं, प्रमाणित इंग्रजी भाषांतर हवं. पुण्यातून करून घेतलं. भाषांतर गेलं आणि खरी मजा सुरू झाली.

तिचा ईमेल माझ्याकडे अजून आहे. सात प्रश्न. गुंठा म्हणजे किती? मी लिहिलं, चाळीस गुंठ्यांचा एकर, आप्पांनी वीस विकले म्हणजे अर्धा एकर, सुमारे २,०२३ चौरस मीटर. बँकेच्या पासबुकावर वडिलांची नुसती आद्याक्षरं आणि आडनाव, इथे मधे तिसऱ्याच माणसाचं नाव, तो कोण? म्हटलं, ते आजोबा. आमच्याकडे माणूस बापाचं नाव घेऊनच फिरतो. मग तुमच्या नावात वडिलांचं नाव का नाही? कारण लग्न झालं. आणि शेवटचा प्रश्न: "इतर हक्क" या रकान्यात असलेल्या दोन बायका कोण, आणि या पैशांवर त्यांचा दावा आहे का?

त्या माझ्या आत्या. मोठ्या आत्या गेल्या, धाकट्या साताऱ्याला असतात. दोघींनी पंधरा वर्षांपूर्वी हक्कसोडपत्र करून दिलेलं, त्याचा फेरफारही झालेला, पण मी पाठवलेला सातबारा त्याच्या आधीचा होता. मग आप्पा तलाठ्याकडे. तलाठी रजेवर. मग ऑनलाइन डिजिटल सहीचा उतारा काढला, तो पुन्हा भाषांतराला. तीन आठवडे गेले. या काळात ब्रोकरला दोनदा फोन केला. तो म्हणाला, "बेन, चिंता ना करो, ते सॉलिसिटरचं आहे." त्याचं काम नव्हतं हे खरं. पण गावची जमीन विकून आलेले पैसे डिपॉझिटमध्ये आहेत हे त्याला जानेवारीपासून माहीत होतं. नवा उतारा, दोन्हीकडच्या नावांचा मेळ घालणारं प्रतिज्ञापत्र आणि भाषांतर फेब्रुवारीतच करून ठेवा, असं एक वाक्य त्याने टाकलं असतं तर आप्पांचे ऊन-पावसातले चार हेलपाटे वाचले असते.

आणि आता तो अख्खा तारा.

जुलैच्या शेवटी सॉलिसिटरने फॉर्म भरता भरता सहज विचारलं, "तुमच्या दोघांपैकी कुणाच्या नावावर जगात कुठेही घर आहे का?" जगात कुठेही. मी म्हटलं, नवऱ्याचा वाकडला टू बीएचके आहे, लग्नाआधी घेतलेला, कर्ज फिटलंय, भाडेकरू आहे. तिकडे फोनवर तिचं टाइप करणं थांबलं.

इंग्लंडमध्ये घर घेताना स्टॅम्प ड्युटी लागते. आयुष्यातलं पहिलं घर असेल तर तीन लाख पौंडांपर्यंत शून्य. जानेवारीत ब्रोकरने पिवळ्या कागदावर आमचा हिशेब मांडला, त्यात स्टॅम्प ड्युटीपुढे भलामोठा शून्य काढून त्याला दोनदा गोल केला होता. फर्स्ट टाइम बायर, बेन! पण पहिलं म्हणजे जगातलं पहिलं. वाकड जगातच आहे. सूट गेली, म्हणून सव्वालाखाच्या वरच्या ९५,००० वर दोन टक्क्यांनी १,९०० पौंड. आणि दुसरं घर असणाऱ्यांना अख्ख्या किमतीवर पाच टक्के अधिभार, म्हणजे आणखी ११,०००. हा अधिभार ३० ऑक्टोबर २०२४ पर्यंत तीन टक्के होता, तेही आम्हाला आत्ताच कळलं. एकूण १२,९००. रुपयांत पंधरा लाख. आप्पांच्या भेटीपेक्षा जास्त.

फक्त माझ्या नावावर घेतलं तर? नवरा-बायको एकच धरतात, अधिभार लागणारच. फ्लॅट आत्ता विकला तर? दोन महिन्यांत, लेस्टरमध्ये बसून, भाडेकरूसकट? नंतर विकून अधिभार परत मागायचा, तर त्या घरात आपण गेल्या तीन वर्षांत कधीतरी राहिलेलं असावं लागतं, आणि आम्ही २०२१ पासून इथे. चाळीस हजार पौंडांच्या आतली किंमत असती तर अधिभार सुटला असता. वाकडचे भाव आज कुठे आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे.

मी पिवळा कागद घेऊन थेट जिना चढले. तो खजील झाला, खरंच झाला. म्हणाला, "मी विचारलं होतं, दुसरं मॉर्गेज आहे का. तुम्ही नाही म्हणालात." बरोबर आहे, मॉर्गेज, म्हणजे घरावरचं कर्ज, नाहीच. घर आहे का, हे त्याने विचारलं नाही, आणि आम्ही सांगितलं नाही, कारण इथल्या घराशी वाकडचा संबंध काय असं आम्हाला वाटलं. स्टॅम्प ड्युटीचा सल्ला आमच्या सेवेत येत नाही, असं त्याच्या करारात बारीक अक्षरात लिहिलेलं आहे. मग शून्याला दोनदा गोल कशाला केला होतास, भाई?

स्वयंपाकघरासाठी ठेवलेले पैसे त्यात गेले, वर कराडच्या बँकेतली ठेव मोडली. ठेव मोडल्यावर सॉलिसिटरचा ईमेल आला: ही ठेव कुठल्या पैशांतून केली होती? तिचा राग येत नाही. पैसे तिनेच घालवायला लावले, पण प्रश्न तिनेच विचारला. विचारला नसता तर कर बुडवल्याची नोटीस आमच्या नावाने आली असती.

विम्याचा अर्धा तारा थोडक्यात. घराचा विमा घ्यावाच लागतो, त्याबद्दल काही नाही. पण आयुर्विमा, गंभीर आजाराचा विमा, पगार थांबला तर त्याचा विमा, असे ऑफर लेटर आल्यापासून त्याच्या ऑफिसातल्या मुलीचे नऊ फोन आले. चौथ्या फोनला ती म्हणाली, "तुमच्यानंतर तुमच्या मिस्टरांचं काय?" मी म्हटलं, त्यांना वाकडला फ्लॅट आहे.

शुक्रवारी, २६ सप्टेंबरला किल्ली मिळाली आणि पुढच्या गुरुवारी दसरा. जुन्याच गॅसवर दूध उतू घातलं, स्मोक अलार्म बोंबलला, शेजारची म्हातारी धावत आली आणि खीर खाऊन गेली. ब्रोकरने पेढ्यांचा किलोभराचा डबा पाठवला. फी पूर्ण घेतली.

मागच्या रविवारी कोरेगावच्या माझ्या मैत्रिणीच्या बहिणीचा फोन आला. नॉटिंगहॅमला नर्स आहे, व्हिसावर दोन वर्षं उरलीत, घर बघतायत. ब्रोकर चांगला आहे का, नंबर देतेस का? नंबर दिला. म्हटलं, व्हिसाचं सगळं त्याच्यावर सोड, निर्धास्त. पण आधी एक सांग, नवऱ्याच्या नावावर तिकडे काही आहे का?

"छे गं, काही नाही," ती म्हणाली. मग जरा थांबली. "सासऱ्यांनी हिंजवडीच्या फ्लॅटवर ह्यांचं नाव लावलंय म्हणे, पण ते नुसतं नावालाच."